तुझी खिचडी, माझी ओरिजिनल

नंदू, तुझ्या अंत्ययात्रेतसुद्धा लोकांनी माझ्या गाडीचं कौतुक तुझ्या नावावर घातलं. अमरधामच्या फाटकाशी तुझे सटाण्याकडचे मामेसासरे माझ्या पिकअपच्या बोनेटवरून हात फिरवत शेजारच्याला म्हणाले, "नंदूनी गाडी भारी शे बरं!" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. खांद्यावर तुझ्या तिरडीच्या बांबूचा वळ होता, डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं आणि तरीही माझ्या मनात आलं काय, तर मामा, ही गाडी त्याची नाही, माझी आहे. चांगलं खडसावून सांगावं असं वाटलं होतं. ओठांपर्यंत आलेलं गिळलं.

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक मला जोड्यानं मारतील. तू मात्र हसला असतास. मांडीवर थाप मारून म्हणाला असतास, "सुध्या, आता तरी पुरं कर की रं!"

नाही करणार पुरं. तेरावा झाला, पाहुणे गेले, आपल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकून झाली. दिलदार माणूस, यारों का यार, असं काय काय लिहिलंय तुझ्याबद्दल. सगळं खरं आहे आणि त्यानेच माझा जीव जास्त जळतो. मी गेलो तर लोक काय लिहितील? "नाशकात द्वारकेच्या चौकात यांचं स्पेअरपार्टचं दुकान होतं, वस्तू खात्रीची मिळायची." बस्स. तुझ्यासाठी माणसं ओक्साबोक्शी रडली आणि माझ्यासाठी खात्रीची वस्तू! म्हणून मला श्रद्धांजली वगैरे लिहायची नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तू अर्ध्यात उठून गेलास.

सुरुवातही तूच बिघडवलीस. आठवतं, दिंडोरीच्या पलीकडे त्या म्हाताऱ्या बागायतदाराच्या शेडमध्ये आपण पहिल्यांदा गेलो तो दिवस? औषधांचे रिकामे ड्रम, फाटक्या शेडनेटचे गठ्ठे, आणि त्यांच्यामागे शेजारी शेजारी उभ्या दोन जुन्या पिकअप. गोल नाक, फुगीर मडगार्ड, मागे फळ्यांचा हौदा. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या, सख्ख्या जुळ्या. म्हाताऱ्याच्या वडिलांनी एकदम घेतल्या होत्या, एक भाजीला आणि एक फुलांना. त्याला शेड रिकामी करायची होती. एक तुला, एक मला, असं ठरलं. मग निवडायची वेळ आली, तर तू खुशाल म्हणालास, "तू घे आधी. तुला त्यातलं कळतं."

मी अर्थातच चांगली घेतली. इंजिन जागेवर, काच धड, डॅशबोर्डावरची घड्याळंसुद्धा शाबूत. तुझ्या वाट्याला आली तिच्यात इंजिनच नव्हतं, सीटमध्ये उंदरांची वसाहत होती आणि हौद्याला तळ नव्हता. आणि तू त्या सांगाड्याभोवती असा फिरत होतास जणू तुलाच काहीतरी मोठं मिळालंय. ट्रॅक्टरला बांधून ती बाहेर ओढताना तू तिच्यात बसून स्टिअरिंग धरलं होतंस आणि तोंडानं हॉर्न वाजवत होतास. चांगली गाडी मी निवडली होती, पण मजा तुला येत होती. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

त्यानंतर मी काय केलं ते तुला माहीत आहे. प्रत्येक नटबोल्ट कंपनीचा, प्रत्येक रबर त्या साच्यातलं. मूळ बाटलीसारखा हिरवा रंग जुळवायला डॅशबोर्डाच्या मागचा, कधी ऊन न लागलेला पत्रा घासून बघितला. बॅटरी आजही सहा व्होल्टची, तिच्यावर हेडलाइट लागतात ते देवघरातल्या समईएवढे. तुला मी कितीतरी वेळा सांगितलं की हीच त्या गाडीची शान आहे. तू म्हणायचास, "शान लय हाय, पन उजेड नाय."

आणि तुझी? तुझ्या दिंडोरी रोडच्या वर्कशॉपमध्ये द्राक्षवाल्यांचे फवारणीचे ब्लोअर दुरुस्तीला यायचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंगला यायच्या, आणि त्यांच्या मधोमध तुझी ती गाडी रोज काहीतरी नवं खात वाढत होती. डिझेल इंजिन एका जीपचं. गिअरबॉक्स त्याच जीपचा, म्हणून स्टिअरिंगवरचा दांडा काढून खाली गिअर आणलास. पॉवर स्टिअरिंग कुठल्याशा अपघातातल्या मोटारीचं. पुढे डिस्कब्रेक. सीट लग्झरी बसची, मागे टेकणारी. रंग विचारला तर म्हणालास, "हळद." गाडीला हळद लावलीस, लेका. मी तिला खिचडी म्हणायला लागलो, तर तुला ते नाव इतकं आवडलं की मागच्या फळीवर तू ते रंगवूनच घेतलंस. तुला टोमणा मारायची सोय नव्हती. मारला की तू तो उचलून मिरवायचास.

मालेगावच्या त्या भंगारवाल्याकडे माझ्या गाडीच्या दाराचं मूळ हँडल होतं. त्याच्याकडे मी किती खेपा घातल्या असतील. गोड बोललो, चढ्या भावानं मागितलं, ओळखी लावल्या. तो मान हलवायचा, "बेचना नहीं है सेठ." मग तू एकदा तुझ्या कामाला तिकडे गेलास, त्याच्या घरी जेवलास, त्याच्या शिलाई मशिनचा पाय वेल्डिंग करून दिलास आणि येताना हँडल घेऊन आलास. तेसुद्धा दोन्ही दारांची. द्वारकेला दुकानासमोर गाडी उभी केलीस, उतरलासही नाहीस, खिडकीतून फडक्यात गुंडाळलेली जोडी माझ्या काउंटरवर ठेवलीस आणि म्हणालास, "घे. मला नकोत, मी बसची बसवली." आजूबाजूचे ट्रान्सपोर्टवाले वाह वाह करत होते. मी त्या रात्री जेवलो नाही. मंगलनं विचारलं, "हवं होतं ते मिळालं ना? मग तोंड का असं?" बायकोला काय सांगणार? मिळालं म्हणूनच. मी हात पसरून जे मिळत नाही ते तुझ्याकडे चालत यायचं, आणि तू ते मला देऊन टाकायचास. देऊन टाकणाऱ्या माणसाचा हेवा करणं फार अवघड असतं रे. राग धरायला जागाच मिळत नाही.

प्रदर्शनात तेच. जुन्या गाड्यांमध्ये माझी पहिली आली. परीक्षकांनी बोनेट उघडून क्लिपासुद्धा तपासल्या आणि एक चूक सापडली नाही. मी कप घेऊन स्टेजवरून उतरतोय आणि समोर बघतो तर सगळी गर्दी खिचडीपाशी. पोरं हौद्यात चढलेली, बायका तुझ्या बससीटवर बसून फोटो काढतायत. माझ्या गाडीभोवती दोरी बांधली होती, 'हात लावू नये' अशी पाटी होती आणि पाटीप्रमाणे कुणीही हात लावत नव्हतं. मघाचे परीक्षकही तुझ्या स्टिअरिंगवर जाऊन बसले. तू मला लांबून बघितलंस आणि ओरडलास, "ए, हा आमचा सुधाकर, पयला नंबर आलाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या सांगण्यावरून.

आणि त्र्यंबकची गोष्ट तर तू माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा सांगितलीस. आपण दोघं दोन गाड्या घेऊन दर्शनाला निघालो, आणि तळवाडे फाट्याच्या आसपास माझी तापली. वाफ अशी निघाली की रस्त्यावरचे पेरूवाले धावत आले. तू मागून दोरी काढलीस आणि माझी ओरिजिनल तुझ्या खिचडीच्या मागे बांधलीस. देवळापर्यंत ओढत नेलीस. मी स्टिअरिंग धरून मागे बसलेला, पुढे 'खिचडी' ही अक्षरं, आणि येणारा जाणारा प्रत्येक भाविक हसतोय. देवासमोर उभा राहून मी काय मागितलं माहीत आहे? तुझी गाडी परतताना बंद पडू दे. पडली नाही. देवालाही तूच आवडायचास.

त्याच दिवशी परत येताना आपलं ते भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत मिटलं नाही. दोरी सुटल्यावर, रेडिएटरमध्ये पाणी ओतत मी म्हणालो, "काही म्हण नंद्या, तुझी गाडी ही ती गाडीच राहिलेली नाही. जुन्या पत्र्याखाली तू दुसरंच काहीतरी चालवतोयस." तू पेरू खात होतास. म्हणालास, "मला एक सांग. कंपनीतून भाईर पडली तवा ही गाडी चालत व्हती का नाय?"

"चालत होती."

"भाजी वाहत व्हती?"

"असेल."

"मंग चालनं आन् वाहनं हेच तिचं ओरिजिनल. तुझी उभी ऱ्हाती. आता सांग, मोडिफाय कुनी केली?"

मी रेडिएटरचं झाकण पिळत बसलो. दर रविवारी तुझ्या वर्कशॉपात चहाला बसलो की हे भांडण तू उकरायचास आणि दर रविवारी मी काहीतरी लंगडं बोलून उठायचो. आणि गंमत ऐक. तू गेलास त्या आठवड्यात मला उत्तर सापडलं होतं. दुकानात बसल्या बसल्या सापडलं, एका गिऱ्हाइकाला क्लचप्लेट देताना. मी रविवारची वाट बघत होतो. उत्तर असं होतं: नंद्या, चालणाऱ्या आणि वाहणाऱ्या गाड्या द्वारकेच्या चौकात ढिगानं आहेत. पण ही तीच गाडी, असं म्हणायचं तर तिच्यात काहीतरी तेच उरावं लागतं. तिची ओळख उरावी लागते. बघ, किती बरोबर आहे! मी मनातल्या मनात तुझा चेहरासुद्धा बघून ठेवला होता, पेरू खाताखाता थांबलेला. आणि तू शुक्रवारी सकाळी वर्कशॉपमध्ये ग्राइंडर बंद करून जरा टेकतो म्हणालास आणि टेकलास तो टेकलासच. जिंकायची वेळ माझी आली तर हा माणूस गायब.

तुझ्या घरी पोहोचलो तेव्हा ग्रुपच्या मंडळींनी आधीच ठरवलं होतं की नंदूभाऊ शववाहिकेतून जाणार नाहीत, खिचडीतून जातील. कुणाला ते नको वाटलं नाही. झेंडूच्या माळा आल्या, हौदा धुतला, तुला बाहेर आणायची तयारी झाली. आणि खिचडी सुरू होईना. किल्ली फिरवली की दिवे लागायचे, पण सेल्फ मुका. बॅटरी चांगली, वायर चांगल्या. मी म्हणालो, याने चोरस्विच बसवलाय. गाडी कुणी पळवू नये म्हणून कुठेतरी गुपचूप एक बटण, ते माहीत असल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. आपण सगळेच बसवतो, पण एखाद्याला तरी सांगून ठेवतो. तू आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतंस.

नाशकातले झाडून सगळे जाणकार त्या गाडीवर तुटून पडले. कुणी बोनेटमध्ये, कुणी सीटखाली, कुणी चटई उचलून. मी डॅशबोर्डाखाली उताणा पडलो होतो. टॉर्च असेल म्हणून समोरचा सामानाचा कप्पा उघडला, टॉर्च घेतली आणि माझ्या सवयीप्रमाणे झाकण नीट लावून टाकलं. उघडी वस्तू मला बघवत नाही, तुला ठाऊक आहे. शेवटी भटजी म्हणाले उशीर होतोय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी घरी जाऊन माझी गाडी आणली.

माझ्या हौद्यात त्याआधी भाजीची पाटीही कधी ठेवली नव्हती. सागवानी फळ्या, तेलपाणी करून गुळगुळीत केलेल्या. त्यावर तुला ठेवलं. आणि थंडीत तासभर मनधरणी करायला लावणारी माझी ही गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. माझ्यासाठी कधी झाली नाही. चुलत्यापुतण्यांचे पाय, बांबू, मडकं, सगळ्यांनी फळ्यांवर ओरखडे काढले. मी हळूहळू चालवत होतो आणि आरशात मागे तू दिसत होतास. एवढी वर्षं मी तुझ्या मागे बांधला गेलो होतो, आज तुला मी नेत होतो, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. त्यानंतर फाटकापाशी ते मामा. असो.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर कल्पनावहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, गाडी तुम्ही न्या. अंगणात उभी दिसली की मला आत जावंसं वाटत नाही. तुम्ही सारखे म्हणायचे ना, तिचं वाटोळं केलं म्हणून? करा आता तुमच्या मनासारखी. कंपनीतून आली होती तशी."

खोटं बोलत नाही, नंदू. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. तुझ्या घरात, तेराव्याच्या पंगती उठत असताना. तुला माहीत नसेल, पण तू खिचडीतून उपटून फेकलेलं जे जे माझ्या हाती लागलं ते मी दुकानाच्या पोटमाळ्यावर जपून ठेवलं होतं. स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा, मूळ जाळी, घड्याळांची पाटी, सगळं तेल लावून कागदात बांधलेलं. इंजिनही माझ्या नजरेत होतं एक. घरी येताना मी रस्ताभर मनात खिचडीची हळद खरवडत होतो, आत हिरवा रंग लागत होता. वर्षभरात दोन हिरव्या जुळ्या शेजारी उभ्या करीन, मग कुणाची कुठली ते कुणाला सांगता येणार नाही. जुळ्यांमधली वाईट गाडी घेऊन तू माझ्यापुढे गेला होतास. आता तू नव्हतास आणि दोन्ही माझ्या होत्या. मी जिंकलो होतो.

रविवारी गाडी आणायला गेलो. ओढून न्यायला दोरी घेऊन गेलो होतो, कारण सुरू कशी करायची ते माहीत नव्हतं. मुक्ता ओट्यावर बसली होती. तुझी मुलगी तुझ्यावर गेलीय, बसण्यापासून सगळं. दोरी बघून ती म्हणाली, "काका, दोरी कशाला? चालवत न्या की."

"सेल्फ कुठे घेतेय, बाई."

ती उठली, गाडीत चढली, सामानाच्या कप्प्याचं झाकण उघडून तसंच ठेवलं आणि किल्ली फिरवली. खिचडी खणखणीत सुरू झाली. तू जुन्या फ्रिजच्या दाराचं बटण काढून त्या कप्प्यात बसवलं होतंस. झाकण उघडं असेल तरच सेल्फ बोलतो. नाशिकमधला कुठलाही चोर गाडी पळवताना आधी कप्पा उघडून बसणार नाही, हे तुझं डोकं. आणि मी तो उघडून पुन्हा लावला होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. "मी आत आईजवळ होते. तुम्ही बाहेर सगळे पुरुष इतके गर्क होता. मला वाटलं पंक्चर काढतायत. कळलं तेव्हा पप्पा तुमच्या गाडीत होते."

एवढे जाणकार गोळा झालो होतो आणि घरातल्या मुलीला एका शब्दानं विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते बटण काढायला जुना फ्रिज खोलतानाही तीच होती म्हणे. आणि पुन्हा मला तुझा हेवाच वाटला. माझा मुलगा हिंजवडीत बसतो आणि माझ्या गाडीला शोपीस म्हणतो. मी मेलो तर माझ्या गाडीचा चोक किती ओढायचा हे त्याला ठाऊक नाही. तुझी गुपितं तुझ्या घरात जिवंत आहेत.

मी बसलो चालवायला. एवढ्या वर्षांत मी तुझ्या त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. तू किल्ली पुढे करायचास आणि मी म्हणायचो, खिचडी मला पचत नाही. दिंडोरी रोडला लागलो आणि शिव्याच आल्या तोंडात. स्टिअरिंग एका बोटानं फिरतंय. ब्रेक लागतोय तिथे गाडी थांबतेय. पाठ दुखत नाही. दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत गिअर कसे लोण्यात सुरी गेल्यासारखे. माझ्या गाडीतून उतरलो की मी तासभर कंबर धरून असतो, आणि तू एवढी वर्षं हे सुख घेत फिरत होतास! हलकटा, मला जबरदस्तीनं बसवायचं होतंस एकदा.

आणि रस्ता सगळा तुझा. ढकांब्याच्या अलीकडे एका टपरीवाल्यानं गाडी बघून हात वर केला, मग काचेत मला पाहिलं आणि त्याचा हात तसाच खाली आला. बागेत छाटणी करणाऱ्या बायकांनी ओळखून माना वर केल्या. ट्रॅक्टरवाले दिवे मारत होते. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आधी तू आणि मग मी. इतका उतरलेला चेहरा लागोपाठ किती जणांचा बघवणार? तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मी हिला हिरवी करीन, दांडा वर बसवीन, जाळी लावीन आणि मग या रस्त्यावरून नेईन तेव्हा कुणीच हात वर करणार नाही. लोक म्हणतील छान जुनी गाडी आहे. तू सगळीकडून पुसला जाशील, आणि ते करणारा मी असेन.

गाडी वळवली आणि परत आणली. वहिनींना म्हणालो, "मला नको ही."

त्या घाबरल्या. "काही बिघडलंय का?"

"काही बिघडलेलं नाही, तेच तर आहे. वहिनी, ही माझी झाली तर माझ्याकडे दोन गाड्या होतील आणि हेवा करायला एकही उरणार नाही. आयुष्यभर हिच्यावर नजर ठेवून मी माझी गाडी घासत आलो. ही दुसऱ्याचीच असली पाहिजे. मुक्ताला द्या. ही द्वारकेवरून गेली की मला दुकानात बसून चरफडायचंय."

वहिनींना काय कळलं कोण जाणे. डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही दोघं असलेच." दोघं म्हणाल्या, नंदू. अजून.

मुक्ताने किल्ली घेतली. ती अंबडच्या कारखान्यात बॅटऱ्यांच्या कामावर आहे, हे तुला सांगायला नको. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली, बोनेटवर टिचकी मारली आणि म्हणाली, "बरं झालं काका. मग मी हिला इलेक्ट्रिक करते."

"काय करतेस?"

"इलेक्ट्रिक. हे डिझेलचं धूड काढायचं, फळ्यांखाली बॅटऱ्या, मागच्या अॅक्सलला मोटर. पप्पांशी बोलणं झालं होतं माझं. बघू म्हणाले होते."

माझं डोकंच फिरलं. मी ओट्यावरून खाली उतरलो, बोनेटवर हात ठेवून तिच्या आणि गाडीच्या मध्ये उभा राहिलो आणि इतक्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचे बाहेर आले. "हात लावून बघ! काढायचं म्हणे! अगं, ओरिजिनल इंजिन आहे ते! या गाडीची ओळख आहे ती! हे काढलंस तर ही ती गाडीच राहणार नाही!"

 वहिनी दारात थांबल्या. मुक्ता अगदी हळू म्हणाली, "काका, काय म्हणालात? ओरिजिनल?"

मी जीभ चावली, पण शब्द गेला होता. जीपचं इंजिन, तू स्वतःच्या हातानं पाट्या वेल्डिंग करून बसवलेलं, ज्याला मी एवढी वर्षं पाप म्हणत आलो. मुक्ता हसायला लागली, हसता हसता बोनेटवर डोकं टेकून रडायला लागली, आणि मीही तिथेच बसलो, खिचडीच्या पायरीवर.

एवढ्या रविवारी चहा पाजून हा एक शब्द तू माझ्या तोंडून काढू शकला नाहीस. तुझ्या लेकीनं एका दमात काढला. तिनं ऐकला, वहिनींनी ऐकला, शेजारपाजाऱ्यांनी ऐकला. फक्त तू नव्हतास.

आता हेवा करायची पाळी तुझी.